पिंपळथडीत भिंतीतून जाऊ नये

काठावर

नाथसागराच्या काठी पिंपळथडी नावाची दोन गावे आहेत. नवे गाव माळावर आहे: सरळ आखलेले रस्ते, एकसारखे प्लॉट, सावली नाही. जुने गाव जलाशयाच्या पोटात आहे. ते पाण्याखाली गेले त्याला दोन पिढ्या होत आल्या. पण उन्हाळ्यात पाणी मागे सरकते तेव्हा ते हळूहळू वर येते, आणि माळावरची माणसे 'गावाला चाललाव' असे सांगून खाली उतरतात. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघाले तर जेवणवेळेपर्यंत तिथे पोचता येते. मी आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे राहून आले. राग शांत झाल्यावर लिहावे असे ठरवले होते. तो होत नाही असे दिसल्यावर लिहायला बसले आहे.

मी गेले ती स्वतःच्या कामासाठी. जलाशयाच्या गाळातील सूक्ष्म जीवांवर माझे संशोधन चालू आहे. त्यासाठी प्रत्येक ऋतूत खोल पाण्यावर जाऊन नमुने घ्यावे लागतात आणि माझ्याकडे बोट नाही. जुन्या पिंपळथडीच्या उघड्या जमिनीवर यंदा शहरातल्या काही मंडळींनी तंबूंचा एक कॅम्प उघडला होता. त्याच्या व्यवस्थापकाने फोनवर प्रस्ताव ठेवला: आखितीच्या आदल्या संध्याकाळी पाहुण्यांना पक्ष्यांविषयी व्याख्यान द्या, आमची मोटरबोट वर्षभर तुमच्यासाठी. मी लगेच हो म्हटले. प्रबंध वेळेत पुरा करून पुढे परदेशी जाण्याचा माझा हिशेब त्या बोटीवर अवलंबून होता आणि आहे.

तंबूत राहायचे मात्र मी टाळले आणि गिरजाकाकूंकडे उतरले. माझ्या मैत्रिणीची ही मावशी गावच्या जुन्या पाटील घराण्यातली. सत्तरीच्या आसपासची, ताठ मानेची बाई. आवाज असा की गल्लीच्या टोकाला बांधलेली म्हैसही मान वळवते. ताटात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि गाळपेराची काकडी होती. पाणी ओसरलेल्या जमिनीत जे पेरतात ते गाळपेर. मागच्या अंगणात भोयांकडून आलेली चिलापी तळली जात होती, कारण स्वयंपाकघरात मासे चालत नाहीत. आमच्या घरात ते अंगणातही चालले नसते. मी दोन तुकडे खाल्ले.

काठावरचे वर्ष पाण्याच्या चालीने चालते. दिवाळीत पाणी घरांच्या सर्वांत जवळ असते. मुले शाळेच्या मागच्या उतारावरून त्यात उड्या मारतात. थंडीत परदेशी बदके येतात आणि त्यांच्यामागे दुर्बिणी घेतलेले शहरी लोक येतात. मग पाणी मागे जाऊ लागते आणि त्याच्या पाठोपाठ माणसे पुढे जातात: आधी हरभरा, नंतर कलिंगड, खरबूज, चारा. चैत्रापर्यंत जलाशयाच्या पोटात क्रिकेटची मैदाने आखली जातात. यष्ट्या म्हणून वाळलेल्या बाभळीच्या काठ्या. वैशाखात जुने गाव उघडे पडते. त्यानंतर पावसाळा, आणि सगळे पुन्हा पाण्याखाली.

आमच्या घरी अक्षय्य तृतीया म्हणजे श्रीखंड आणि गुंजभर सोने. इथे त्या दिवशी प्रत्येक कुटुंब जुन्या गावात स्वतःच्या घराच्या जागी जाते, तीन दगडांची चूल मांडते, पुरण शिजवते आणि पाण्याने भरलेली मातीची घागर पितरांच्या नावाने जमिनीवर ठेवते. सासरी गेलेल्या लेकी या दिवशी माहेरी येतात. ज्यांचे माहेर तळ्याच्या तळाशी आहे, त्यांनाही या एका दिवसापुरते माहेर असते.

"सासऱ्यास्नी पाणी पाजायचं म्हंजी गंमतच हाय," गिरजाकाकू घागर घासता घासता म्हणाल्या. "समदं साल पाण्यातच बसलेले असत्यात. म्या म्हणते औंदा चहा ठिवावा."

पोटात

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जागा झाडायला खाली उतरलो. गाळ वाळून त्याचे ताटाएवढे तुकडे पडले होते, त्यांत शिंपले चमकत होते. दूर पाण्याच्या कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. जुन्या गावाच्या भिंती कधीच विरघळल्या आहेत; उरली आहेत ती दगडी जोती, एका आडाचा काठ आणि मारुतीचा पार. काकू पुढे गेल्या. मी फोटो काढत मागे राहिले होते, त्यांना गाठायला सरळ चालत गेले.

"थांब," काकू म्हणाल्या. "कुठनं आलीस तू?"

"तिकडून. पारावरून."

"तिथं रखमाजीचं देवघर हाय. चपला घालून भिंतीतनं आलीस. माघारी जा आन् बोळातनं ये."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी पारापर्यंत परत गेले, अदृश्य बोळात शिरले, अदृश्य कोपऱ्यावर वळले आणि ओसरीसमोर उभी राहिले. "आता ये," त्या म्हणाल्या. नंतर पाहिले, सगळे तसेच चालत होते. सायकल हातात धरलेला माणूससुद्धा मोकळ्या मैदानात काटकोनात वळत होता. स्मृती इतक्या काटेकोरपणे जमिनीवर आखलेली मी कुठे पाहिली नव्हती, आणि मला ते आवडले. काकूंची सून ओसरीच्या एका कोपऱ्यापाशी पोचताच डोक्यावर पदर घेते, हे दिसेपर्यंत आवडले. त्या कोपऱ्यात काकूंचे सासरे बसत. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी बांधलेली ती ओसरी. सासरे नाहीत, ओसरीचे छप्पर नाही, खांब नाहीत. पदर तेवढा शिल्लक आहे.

कॅम्प गावठाणाच्या कडेला होता: पांढरे तंबू, प्लास्टिकची हिरवळ, झोपाळे, दिव्यांच्या माळा. त्यापलीकडे उतारावर ज्याला ते 'लगून' म्हणत होते ते तळे, आणि त्यात हंसाच्या आकाराच्या पायडल बोटी. मुख्य जलाशय तिथून बराच खाली गेला होता. मग हे पाणी वर कसे राहिले? मी कडेने फिरले. उतारावरच्या खोलगट भागाच्या तोंडाशी यंत्राने ताजा मातीचा बांध घातलेला होता. मागे सरकणारे पाणी अडवून धरले होते. तळ्याची पातळी जलाशयाच्या पातळीपेक्षा पुरुषभर उंच होती. बांध नसता तर ती जमीन एव्हाना कोरडी झाली असती.

"खाली काय होतं, काकू?"

"खालची आळी."

खालची आळी म्हणजे मातंगवस्ती. गावात तिला जे म्हणत ते मी इथे लिहिणार नाही. पाणी उतरते तेव्हा उंचावरची जमीन आधी उघडी पडते आणि सखल जमीन शेवटी. त्यात पाण्याचा दोष नाही. उंचावर कुणी राहायचे आणि सखलात कुणी, हे पाणी येण्याच्या कितीतरी आधी ठरलेले होते. पाटलांचे जोते दरवर्षी उघडे पडते. खालची आळी फार थोड्या वर्षी वर येते. एरवी तिथली माणसे पाण्याच्या कडेला उभी राहून घागर सोडतात. यंदा पाणी पुरेसे उतरले होते.

कन्नडची एस. टी.

कौतिकाबाई शनिवारी दुपारी आल्या. कन्नडहून निघून दोन गाड्या बदललेल्या, डोक्यावर गाठोडे, हातात फडक्यात गुंडाळलेली घागर, मागे लेक मंगल. वय साठीच्या पुढचे. मी पाराच्या सावलीत बसून व्याख्यानाची टिपणे काढत होते. त्या बोळांतून बरोबर वळत उतारापर्यंत गेल्या आणि तळ्याच्या काठावर थांबल्या. हंसाच्या बोटीत एक जोडपे स्वतःचा फोटो काढत होते.

"ह्ये पाणी कवा जाणार?" त्यांनी मला विचारले. मी कॅम्पचीच वाटले असणार.

मी बांधाचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग पाण्यातून वर आलेल्या एका काळ्या बुंध्याकडे बोट दाखवले. त्याला नायलॉनच्या दोऱ्यांनी बोटी बांधल्या होत्या.

"ती आमची चिंच. बाप तिला वाख बांधून दोर वळायचा. समद्या गावाचे कासरे तिथं वळलेत. चिंचेकडं तोंड करून आमचं दार. आमचं काय दगडाचं जोतं नाय, बाई. मातीचं घर, गेलं. दार कुठं व्हतं त्ये भावाला ठावं व्हतं, त्यो गेला साली वारला. आता मलाच ठावं." त्यांनी मंगलकडे पाहिले. "हिला दावायला आणलंय. औंदा नाय दावलं तर मग कवा? म्या काय पुन्हा येती का, त्ये पाणी तरी पुन्हा उतरतंय का?"

"आई, फोटो काढून ठेवू की," मंगल म्हणाली.

"पाण्याचा?"

मी व्यवस्थापकाकडे गेले. तिशीतला, नम्र, टापटीप माणूस. नम्रतेचा इतका निर्दय उपयोग मी कमी पाहिला आहे.

"मॅडम, नक्कीच फोडू बांध. सोमवारी. पाहुणे रविवारी संध्याकाळी जातात."

"आखिती उद्या आहे."

"एका दिवसाने काय फरक पडतो? भावना महत्त्वाची. उलट आज तुम्ही व्याख्यानात सांगा ना, साठवलेल्या पाण्यामुळे पक्ष्यांची सोय होते. तुमच्या तोंडून आलं की वजन येतं." आणि लगेच, त्याच सुरात, "बोट पाहिलीत का? नवीन इंजिन आहे."

मी बोट पाहिली होती. फार चांगली बोट होती.

गावाच्या बाजूने कॅम्पला जागा मिळवून देणारा माणूस म्हणजे गिरजाकाकूंचा मुलगा विलास. तो पारावर कलिंगड कापत होता. मला त्याने मधला, बिनबियांचा तुकडा दिला.

"मॅडम, खालच्या आळीचं असंबी दरसाल वर येत नाय," तो म्हणाला. "त्यास्नी सवय हाय."

"तुमचं जोतं पाण्याखाली ठेवून बोटी चालवल्या असत्या तर?"

"आमचं उंचावर हाय ना."

त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, हेच मला सर्वांत असह्य झाले. उतारावर पाणी खाली वाहते इतक्या सहजपणे तो बोलत होता.

संध्याकाळी मी व्याख्यान दिले. रोहित पक्षी उथळ, शांत पाण्यात गाळ गाळून खातात, त्यांना पायडल बोटी चालत नाहीत, आणि या तळ्यात दिवसभरात एकही पक्षी उतरलेला नाही, हे सांगितले. मग त्या पाण्याखाली कुणाची घरे आहेत, ती या आठवड्यात का उघडी पडली असती आणि का पडली नाहीत, हे सांगितले. माईक मध्येच बंद झाला. माझा आवाज मोठा आहे. शेवटी प्रश्न आहेत का विचारले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला.

"फ्लेमिंगो साधारण किती वाजता येतात?"

व्यवस्थापक मला तंबूबाहेर सोडायला आला आणि म्हणाला, बोटीचे आपण नंतर बघू. इतक्या नम्रपणे मला आजवर कुणी नकार दिलेला नाही.

आखिती

रविवारी सकाळी गावठाणात चुलींचा धूर होता. वेलदोड्याचा, तळलेल्या कुरडयांचा आणि ओल्या गाळाचा वास एकमेकांत मिसळलेला. लेकी एका जोत्यावरून दुसऱ्या जोत्यावर हळदीकुंकवाला जात होत्या, बोळांतून, काटकोनांत वळत. त्याच वेळी कॅम्पमधले पाहुणे हातात कॉफी घेऊन आरपार फिरत होते. एका गृहस्थाने काकूंच्या माजघरातून येऊन चुलीवरच्या पोळीचे छायाचित्र घेतले. "बाहेरनं या, बाहेरनं," काकू ओरडल्या. "हे बाहेरच आहे ना?" तो म्हणाला. मला वाटते त्याला खरोखरच कळले नाही.

कौतिकाबाई गाठोडे घेऊन समोरच्या बोळातून चालल्या होत्या. काकूंनी त्यांना हाक मारली.

"कौतिके, इकडं ये. खाली पाणी हाय. माझ्या ओसरीवर ठिव घागर. जागा लई हाय."

काकूंच्या मनात चांगलेच होते, हे मी शपथेवर सांगेन. सुनेने पोळपाट सरकवून जागाही केली. कौतिकाबाई ओसरीच्या पायरीबाहेर थांबल्या. चढल्या नाहीत.

"पाटलीणबाई, ओसरीला भिंती व्हत्या तवा माझ्या आईला ह्या पायरीखाली उभं करून वरून पाणी वाढलं तुमच्या सासूनं. आता भिंती नायत, छप्पर नाय, तर म्हंता वर ये."

"म्या नवती ती," काकू म्हणाल्या.

"तुमी दारात उभ्या व्हता. नवीन नवरी. हिरवा चुडा व्हता तुमच्या हातात."

काकूंची तव्यावरची पोळी करपली. कौतिकाबाई पुढे गेल्या. मी त्यांच्यामागे निघाले.

तळ्याच्या काठावर त्यांनी चपला काढल्या, लुगडे खोचले आणि सरळ पाण्यात शिरल्या. चिंचेच्या बुंध्यापर्यंत गेल्या, त्याला हात लावला, पाठ फिरवली, काही पावले चालल्या आणि थांबल्या. पाणी मांडीच्या वर होते. एका हातात घागर, दुसऱ्या हातात पळसाच्या पानावरचा नैवेद्य, खांद्याच्या उंचीवर धरलेला.

"ह्ये दार," त्या मंगलला म्हणाल्या. "ये. बघून घे."

मंगल पाण्यात उतरली.

"आता घागर ठेव की पाण्यात, आई."

"घागर जमिनीवर ठिवत्यात. जमीन येऊ दे."

"कवा येईल?"

"येईल तवा. म्या उभी हाय."

काठावर गर्दी जमली. कॅमेरे निघाले. कुणीतरी म्हणाले, किती सुंदर विधी आहे. फ्लेमिंगोवाल्या बाईंनी विचारले, सूर्याकडे तोंड करून उभ्या राहतील का. व्यवस्थापकाने हात जोडून, "मावशी, पाय घसरेल, बाहेर या, आपण सोमवारी," असे सुरू केले. एक हंस हेलकावत आला आणि कौतिकाबाईंच्या पाठीला टेकला. त्यांनी कोपराने तो बाजूला लोटला. ऊन चढत होते.

मी काठावर उभी राहून हिशेब करत होते. बांधाची माती ताजी होती, दाबलेली नव्हती. पाण्याला फक्त एक वाट लागणार होती; पुढचे खणणे पाणी स्वतः करते. वाट कुठे काढायची हेही मला दिसत होते: उजव्या टोकाला, जिथे बाहेरचा उतार थेट जलाशयात जातो आणि खाली माणूस नाही. बोट गेलेली होतीच. गेली नसती तरी मी हेच केले असते, असे मला वाटते. पण ते सिद्ध करण्याचा मार्ग नाही, म्हणून दावा करत नाही.

फावडे तंबूंच्या मागे, खुंट्यांच्या ढिगाशेजारी पडले होते. मी ते उचलले. व्यवस्थापक आडवा आला.

"मॅडम, ही खासगी मालमत्ता आहे."

"तळ्याचा तळ? कुणाची?"

"विलासभाऊ, सांगा यांना."

विलास पुढे झाला आणि थांबला, कारण मागून गिरजाकाकू येत होत्या. घाईत असूनही त्या बोळातून आल्या, रखमाजीच्या घराला वळसा घालून. एका हाताला पीठ होते, दुसऱ्यात उलथने.

"विलास, बाजूला हो."

"आई, तुला ह्यातलं कळत नाय. लोकं बघायल्यात."

"बघू दे. म्याबी तवा नुसतीच बघत व्हते." त्या बांधाकडे निघाल्या. "बाजूला हो म्हणलं ना."

तो झाला. मी खणायला सुरुवात केली. माझ्या हातांना काचेच्या नळ्यांची सवय आहे. फोड लगेच आले. मंगल पाण्यातून धावत आली आणि हातांनीच माती ओढू लागली. काकूंनी गुडघे टेकले आणि पोळीच्या उलथन्याने बांध उकरला. पहिला ओघळ करंगळीएवढा होता. मग मनगटाएवढा. मग काठाची ढेकळे आपोआप कोसळू लागली आणि आम्ही तिघी मागे सरलो. पाण्याला आपण नुसते सांगायचे असते; बाकीचे त्याला येते.

तळे रिकामे व्हायला दुपार कलली. पाहुण्यांपैकी निम्मे लवकर निघून गेले. हंस एकेक करून गाळात बसले, एक उताणा झाला. व्यवस्थापक फोनवर कुणाला तरी माझे पूर्ण नाव सांगत होता, नम्रपणेच. कौतिकाबाई तेवढा सगळा वेळ उभ्या होत्या. मध्ये एकदा मंगलने हात बदलायला घागर घेतली, तेवढेच. पाणी मांडीवरून गुडघ्यावर आले, गुडघ्यावरून घोट्यावर, आणि मग त्यांच्या पायाशी काळाभोर, चकचकीत चिखल उरला. त्या खाली बसल्या. चिखल थापून सारखा केला, त्यावर मूठभर गहू पसरले आणि घागर ठेवली. ती कलली. त्यांनी पुन्हा थापले. घागर उभी राहिली.

मी चिखलातून सरळ त्यांच्याकडे निघाले.

"तिकडनं नको," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ती भिंत हाय. चिंचेकडनं ये."

मी चिंचेला वळसा घालून आले.

"खाली वाक. दार बुटकं हाय."

मी वाकले आणि आत गेले. मंगलने पानावर पुरणपोळी वाढली, वर आमरस ओतला. फोडांना रस झोंबत होता. कौतिकाबाई लेकीला सांगत होत्या: ही चूल, ही रांजणाची जागा, हितं माझा पाळणा. मंगल प्रत्येक ठिकाणी बोट टेकवून पाहत होती.

गिरजाकाकू बाहेर बोळात उभ्या होत्या. हातात स्वतःच्या घरचे ताट, वर फडके. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला होता. त्या आत आल्या नाहीत आणि परतही गेल्या नाहीत. कौतिकाबाईंनी त्यांना पाहिले. मला आणखी एक पोळी वाढली, मंगलला वाढली, स्वतःला घेतली आणि सावकाश खाऊ लागल्या.

काकू दाराबाहेर उभ्याच होत्या.